भंजाळली की उतरवा

"भाकरी! आगं बायांनो, भाकरी द्या कुणीतरी पटदिशी!"

तानुबाई दारातनं ओरडतच आत आली. पायात एकच चप्पल होती, दुसरी वाटेत उसाच्या सरीत कुठंतरी राहिलेली. मी परसात भांडी घासत होते, ती राखेच्या हातानंच आत धावले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जात्यावर डाळ भरडत बसल्या होत्या. त्यांनी खुंटा सोडला नाही.

"कुणाला भाकरी? कोण उपाशी हाय?"

"केराबा!"

"आगं, पंडित मघाशीच बुट्टी घिऊन गेलाय की गुऱ्हाळावर. पाच भाकरी, झुणका, कांदा. म्हाताऱ्याच्या पोटात काय बकासुर शिरलाय का?"

"ती खाल्ली त्यानं. ढेकर दिला. आन् आता म्हणतोय, ही न्हवं. पंडाच्या बायकोनं आणल्याली भाकरी पायजे. ती आल्याबिगार आधण उतरवत न्हाई म्हणून बसलाय!"

"का म्हणून?"

"मला काय ठावं, का म्हणून! माझा वर्साचा ऊस चुलाणावर उकळतोय वैनी, आन् ह्याला भाकरीचं डोहाळं लागल्यात!"

पंडाची बायको म्हणजे मी. एवढं बोलून ती उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली.

तिचं रडणं खोटं नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पदरात एक मुलगी आणि ओढ्याकाठची दोन-तीन गुंठ्यांची पट्टी. त्या पट्टीतला ऊस आमच्या गुऱ्हाळावर गाळला की रस जेमतेम एक काहील, म्हणजे गुळाची मोठी कढई, भरायचा. एका वेळी काहिलीत ओतून कढवायला ठेवलेल्या रसाला आमच्याकडं आधण म्हणतात. बाकीच्यांची दहा-दहा आधणं व्हायची, त्यातलं एखादं बिघडलं तर ते हळहळायचे आणि सोडून द्यायचे. तानुबाईचं वर्षात एकच. आणि त्या वर्षी बारा दिवसांवर तिच्या कौसल्येचं लग्न होतं. वऱ्हाडाची लापशी, पुरण, पाहुण्यांच्या हातावर ठेवायचा खडा, सगळं ह्याच गुळातलं.

गूळ बिघडायला वेळ लागत नाही. रस गुळाला आला की काहील तिथल्या तिथं उतरवावी लागते. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, नुसती काकवी होते. उशिरा उतरवली तर काळा पडतो, कडू लागतो. मधे जो काय वेळ असतो, तेवढ्यात पानाला चुनासुद्धा लावून होत नाही. तो वेळ ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. केराबातात्या चाळीस वर्षं गुळव्या होते. भोगावतीच्या काठावर लोक त्यांना वाट वाकडी करून न्यायला यायचे. आणि तो माणूस आज माझ्या हातच्या भाकरीसाठी अडून बसला होता.

माझ्या भाकरीत काही विशेष नव्हतं. पुन्हा मला गुऱ्हाळावर जायची बंदी होती, ती कालपासनंच.

बंदी का, तर मी भंजाळते म्हणून. आमच्या कोल्हापूरकडं माणूस घाबरला, गोंधळला, त्याला काय करावं ते सुचेना, की म्हणतात भंजाळला. पुण्याकडं त्याला गांगरणं म्हणतात म्हणे. पण गांगरलेला माणूस निदान एका जागी गप उभा तरी राहतो. भंजाळलेला हातपाय हलवतो, आणि त्यातनं नुकसान होतं.

लग्न होऊन मला तीन महिने झाले होते. दुपारची बुट्टी डोक्यावर घ्यायची, गुऱ्हाळावर न्यायची, गड्यांना वाढायचं, एवढं माझं काम. आमच्याकडं दिवसाला एकच आधण व्हायचं, आणि ते दुपारीच उतरायचं. घरात माझं सगळं धड चालायचं. गुऱ्हाळावर गेले की पहिल्यांदा बरी असायचे, हसायचे, बोलायचे. आणि मग एकदम काय व्हायचं कुणास ठाऊक! छातीत धडधड, तळहाताला घाम, जीभ एकीकडं आणि डोकं दुसरीकडं. एकदा मी बुट्टी ठेवली ती थेट काहिलीखालच्या चुलाणाच्या जळणात. एकदा रिकामा तांब्या घेऊन सगळ्या गड्यांपुढनं फिरले आणि वर विचारते, "अजून वाढू?" एकदा तर तीस माणसांदेखत नवऱ्याला नावानं हाक मारली, "ए पंडित, सर की बाजूला!" तीन महिन्यांची नवरी मी! बिचारे खरंच सरले बाजूला.

"माणसं बघून भंजाळती," आत्याबाई म्हणायच्या. "घरात बरी असती. चार बाप्ये दिसलं की झालं हिचं."

मलाही तेच खरं वाटायचं. सासरी पहिल्या वर्षी माणसाला जे नाव पडतं ते जन्मभर टिकतं, आणि माझं पडलं होतं, 'भंजाळी'. रात्री उशीत तोंड खुपसून मी रडायचे. हे म्हणायचे, "जाऊ दे की, शिकशील." काय शिकायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

आणि काल तर कहर झाला. मामंजींचे मेहुणे आले होते, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा. त्यांना ताक द्यायला मी घागर उचलली, आणि नेमकं भंजाळले. घागरभर ताक त्यांच्या मांडीवर! तेवढ्यात केराबातात्यांनी "उतरवाऽ" अशी आरोळी दिली, सगळे काहिलीकडं धावले, आणि पाहुणे तसेच ताकात बसून राहिले. संध्याकाळी आत्याबाईंनी निकाल दिला. "उद्यापासनं तू गुऱ्हाळाकडं फिरकायचं न्हाईस."

तर आज ही तानुबाई उंबऱ्यात.

"वैनी, पाठवा की हो तिला," ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "तुमच्या पाया पडती."

"हिला? ही जाऊन कायलीतच पडंल! चुलाण हाय त्ये, खेळ न्हवं."

"पडू दे! म्हंजे पडू नगंस गं बाई… पण पाठवा तिला!"

आत्याबाईंनी खुंटा सोडला. तानुबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"जा. चार भाकरी घे, मेथी घे. पण तिथं हात बांधून उभी ऱ्हायचं. कशाला शिवायचं न्हाई आन् तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई. काढलास तर बघ. मी आलेच मागनं."

मी हात धुतले, बुट्टी डोक्यावर घेतली आणि तानुबाईच्या मागनं पळत सुटले. बांधावरनं पळताना तिची चप्पल दिसली. मी म्हटलं, "मावशी, चप्पल!" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं, गूळ आधी!"

गुऱ्हाळावर नुसता कल्ला चालला होता. काहिलीत रस पिवळ्या फेसानं उसळत होता, दोन गडी लांब दांड्याच्या फावड्यांनी तो ढवळत होते. काहिलीच्या कड्यांत दांडे घालून सहा गडी उचलायला तयार उभे होते आणि घामानं निथळत होते. आमचे हे चुलाणापाशी जाळ घालायला, त्यांचं तोंड लालबुंद. मामंजी डोक्याचं मुंडासं काढून त्यानंच वारा घेत होते.

"केराबा, आरं उतरव की गा! झालंय त्ये!"

"कुठं झालंय? कच्चं हाय अजून," कुणीतरी म्हणालं.

"कच्चं न्हवं, पुढं गेलंय!" दुसरा म्हणाला.

"पंडा, जाळ घाल!"

"घालू नगं रं, वड मागं!"

प्रत्येकाचं मत वेगळं आणि प्रत्येकाचा आवाज मोठा. ह्यांनी तर चिपाडाचा एकच भारा चारदा आत घातला आणि चारदा बाहेर ओढला. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध केराबातात्या काहिलीभोवती फेऱ्या मारत होते. ओगराळ्यानं रस घ्यायचे, पाण्यात सोडायचे, गोळी करायचे, चाळणीवर टाकून बघायचे आणि विचारायचे, "भाकरी आली का?"

मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. सत्तरीचा माणूस, एरवी डोंगरासारखा शांत. आज गोळी चाळणीवर पडायच्या ऐवजी खाली मातीत पडली तरी त्यांना कळलं नाही.

"आली! आली भाकरी!" तानुबाई ओरडली.

तात्या गर्रकन वळले. "कुठं हाय? ये, ये पोरी. अशी हिकडं ये. माझ्या म्होरं उभी ऱ्हा. कायलीकडं तोंड कर."

मी बुट्टी उतरवून पुढं धरली. त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वीतभर अंतरावर तोंड आणून माझ्याच तोंडाकडं बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी माणसं, त्यात सासरा, त्यात नवरा.

"काय आणलंयस?" त्यांनी विचारलं.

बोलायचं नाही असं बजावलेलं. पण म्हाताऱ्या माणसानं विचारल्यावर गप कशी राहणार? मी हळूच म्हटलं, "मेथीची भाजी आणि भाकरी, तात्या."

"आन् काय?"

"लसणाची चटणी."

त्यांचं तोंड उतरलं. "आज कशी काय नीट बोलायलीस गं तू?"

मामंजींनी कपाळावर हात मारला. "केराबा, तुला भाकरी पायजे का परीक्षा घ्यायची हाय तिची?"

"थांबा वो पाटील जरा! अजून हाय… अजून हाय वाटतं येळ." आणि मला म्हणाले, "तू बोलत ऱ्हा. तुझ्या म्हायेरात कोण कोण असतं?"

तानुबाईनं मटकन जमिनीवर बसकण मारली. "आता हिच्या म्हायेराची चवकशी! गेला माझा गूळ, गेला!"

त्याच वेळी आत्याबाई येऊन दारवंट्यात उभ्या राहिल्या. कमरेवर हात, डोळे माझ्यावर. मी ओठ घट्ट मिटले, बुट्टी छातीशी धरली.

आणि मग माझ्या छातीत धडधडायला लागलं.

काहिलीत काहीतरी बदललं होतं. मघापासनं रसाचा जो सळसळ आवाज चालला होता तो बसला होता, आणि मोठे मोठे, जाड बुडबुडे फुटायला लागले होते, लप्… लप्… लप्. तळहाताला घाम सुटला. मी पदर दातांत धरला. आज भंजाळायचं नाही, आज काही झालं तरी भंजाळायचं नाही. बुट्टी हातात थडथड वाजायला लागली.

"बोल की गं," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "बोल की माझी बाय. कोण असतं म्हायेरात?"

मी मान हलवली. आत्याबाई बघत होत्या. लप्, लप्, लप्. तानुबाईचा एक पाय अनवाणी होता आणि त्याला चिखल लागला होता. ते बघितलं मात्र, आणि माझ्या तोंडातला पदर सुटला.

"पुढं चाललंय! काढा! काढा की, पुढं चाललंय! आई मारंल मला!"

बुट्टी गेली. भाकरी गडगडत ह्यांच्या पायाशी, मेथी मामंजींच्या मुंडाशावर.

"उतरवाऽऽऽ!" केराबातात्यांनी अशी आरोळी ठोकली की उसावरची पाखरं उडाली.

सहा गड्यांनी काहील उचलली. धावत नेली आणि गूळ निववायच्या वाफ्यात उलटी केली. घमघमाट सुटला. गडी फावड्यांनी गूळ ओढायला लागले, आणि सगळं गुऱ्हाळ वाफ्याभोवती गोळा झालं. गूळ घट्ट होत आला, कडेला दाणा धरायला लागला. मामंजींनी वाकून चिमूट उचलली, बोटांनी दाबली, तोंडात टाकली. मग चिमूटभर तानुबाईच्या हातावर ठेवली.

तिनं चाखला. पिवळाधमक, रवाळ, खमंग. तिनं पहिल्यांदा गूळ कपाळाला लावला आणि मग माझ्या तोंडात कोंबला. "माझी कौशी सुटली गं!" असं म्हणून मला अशी मिठी मारली की माझ्या बांगड्या फुटल्या.

पण आत्याबाई पुढं आल्याच.

"बघितलंसा? परत भंजाळली! सांगितलं हुतं तोंड उघडू नगंस म्हणून! अन्न मातीत, भाजी सासऱ्याच्या मुंडाशावर, आन् वर 'आई मारंल' म्हणती! कोण मारतंय हितं तुला? काय म्हणतील माणसं, सासू मारती म्हणून?"

मी खाली मान घालून उभी. माणसं हसायला लागली. तेवढ्यात केराबातात्या मधे आले.

"वैनी, तिला बोलू नगा."

"तुम्ही गप बसा वो. तुमच्या भाकरीपायी झालं सगळं."

"भाकरी कुणाला पायजे हुती!" तात्या म्हणाले. त्यांनी एकदा सगळ्या माणसांकडं बघितलं, मग डोक्याची टोपी काढून हातात घेतली. "पाटील, आज सांगतो. दिवाळीपास्नं मला कायलीतलं काय बी दिसत न्हाई. डोळ्यावर पडदा आलाय. नुसता पिवळा पिवळा ढग दिसतोय."

मामंजी पुढं सरसावले. "आरं, मग गोळी? गोळी बघतोस की तू रोज."

"बोटं चाळीस वर्सं भाजून भाजून लाकडं झाल्याती. गोळीचं नुसतं सोंग करतोय मी."

"आन् चार म्हयनं गूळ कसा उतरवलास? एक आधण वाया गेल्यालं न्हाई!"

तात्यांनी टोपीनं माझ्याकडं दाखवलं. "दिवाळीपास्नं म्हयनाभर जीव मुठीत धरून काढलं कसंबसं. मग ही लगीन हून आली. पयल्याच आठवड्यात ध्यानात आलं, पोरगी भंजाळती ती उगं भंजाळत न्हाई. गूळ झाला की भंजाळती. रोज. बराब्बर त्याच घटकंला. हिनं बुट्टी जळणात ठेवली, मी म्हटलं उतरवा. हिनं पंडाला नावानं हाक मारली, मी म्हटलं उतरवा. काल पावण्यावर ताक सांडलं, तवा बी उतरवा म्हटलं. हिचं त्वांड बघून गूळ करतोय मी, आन् तुम्ही आज हिला घरात कोंडून ठेवलंसा!"

मी तर हबकूनच गेले. मग माझं मलाच हळूहळू उमगायला लागलं.

"काय गं," मामंजींनी विचारलं, "तुला कसं कळतं?"

"मला कुठं काय कळतंय, मामा," मी म्हटलं. "माझी आई बाजारासाठी शेंगदाण्याच्या चिक्कीचा पाक करायची. मी कढईपाशी बसायचे, लक्ष ठेवायला. पाकाचा आवाज बदलला आणि मी सांगितलं नाही, की उलथन्याचा रट्टा बसायचा हातावर. तसा आवाज आला की अजून धस्स होतं."

"धन्य ती तुझी आई!" तात्या म्हणाले, आणि हसता हसता त्यांच्या त्या पडदा आलेल्या डोळ्यांतनं पाणी आलं. चाळीस वर्षांचं नाव माणसानं एका नव्या सुनेसाठी भर गुऱ्हाळात खाली ठेवलं होतं. तेव्हा मला त्याची किंमत नीट कळली नाही. आता कळते.

आत्याबाईंनी खाली वाकून मातीतल्या भाकरी गोळा केल्या, झटकल्या आणि बुट्टीत ठेवल्या.

"बरं मग," त्या म्हणाल्या, "उद्यापासनं येऊ दे तिला. ताक तेवढं दिऊ नगा हिच्याकडं."

जे हसणं उसळलं ते अजून माझ्या कानात आहे. ह्यांनी तर चुलाणातच पडायचं बाकी ठेवलं.

कौसल्येच्या लग्नात लापशी झकास झाली. पुढच्या वर्षी तात्यांनी तालुक्याला शिबिरात डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, स्वच्छ दिसायला लागलं. तरी काहील सोडून माझ्याच तोंडाकडं बघायचे. म्हणायचे, "सवय लागली गं." बाकीचं सगळं त्यांनी मला शिकवलं, मळी कशी काढायची, भेंडीचं पाणी कधी सोडायचं, कुठल्या रानातल्या उसाला किती जाळ. मग एक दिवस त्यांनी ओगराळं माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाजेवर जाऊन बसले.

त्याला आता छत्तीस वर्षं होतील. बाई गुळव्या म्हणून लांबलांबची माणसं मला बघायला येतात. त्यांना वाटतं, एवढ्या वर्षांत हिची भीती मोडली असेल. कसली मोडतीय! अजून गूळ व्हायला आला की तीच धडधड, तोच घाम. सहा गडी दांड्याला हात घालून माझ्या तोंडाकडं बघत उभे असतात. परवा मी ह्यांना म्हटलं, "अहो, ती म्हैस चुलाणातनं काढा आणि जाळाला वैरण घाला!" गुऱ्हाळावर 'झाला' असं कुणी म्हणतच नाही. हे चुलाणापाशी उठून उभे राहतात आणि हात उंचावून ओरडतात, "भंजाळलीऽऽऽ!" की काहील उचललीच.

ती आरोळी उसावरनं थेट घरापर्यंत जाते. आत्याबाई नव्वदीला टेकल्यात. त्यांना शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही, पण ही आरोळी बरोबर ऐकू येते. माझी सून सांगते, त्या लगेच बाजेवर उठून बसतात, पदर सारखा करतात आणि म्हणतात, "माझी सून भंजाळली बघ. ताट घे, गरम गूळ यील आता."